मदत हवी आहे: स्लॅबसाठी कमी कार्बनचं काँक्रीट कसं मागायचं?

सुदामानगरकर
रविवारी स्लॅब आहे. ठेकेदार अडून बसलाय, ५३ ग्रेडचं साधं सिमेंटच (ओपीसी) घ्या, राख मिसळलेल्या पीपीसीने स्लॅब कच्चा राहतो. मला सिमेंटचा कार्बन कमी करायचाय. तयार काँक्रीट पुरवणाऱ्या आरएमसीवाल्याला म्हटलं ग्रीन काँक्रीट द्या, तर म्हणे, "भाईसाब, ग्रेड बोलो." ऑर्डरमध्ये नेमकं काय लिहू? उद्या दुपारी अ‍ॅडव्हान्स द्यायचाय.

निवृत्त_जेई
काँक्रीटचा ग्रेड काय? गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, केवढा? सेंट्रिंग, म्हणजे खालचा साचा आणि टेकू, किती दिवस ठेवणार? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

पोहेवाला
माझं अख्खं घर पीपीसीत आहे. एक तडा नाही. घ्या बिनधास्त.

चुनखडी
सिमेंट हवंच कशाला? आमच्या आजोबांचा वाडा चुन्यात बांधलेला, अजून उभा आहे.

निवृत्त_जेई
वाड्याला लाकडी पाटण होतं हो, स्लॅब नव्हता.

सुदामानगरकर
ड्रॉइंगवर एम २५ आहे. गाळे साडेचार मीटरच्या आत, फक्त हॉल ५.२. सेंट्रिंग दहाव्या दिवशी काढायचीय, ठेकेदाराला दुसऱ्या साइटवर हवीय.

निवृत्त_जेई
मग हे आधी सांगायचं ना! त्याला ५३ हवंय ते टेकू लवकर सोडवायला. कोळशाच्या राखेचं (फ्लाय अ‍ॅश) काँक्रीट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, एवढंच. आणि काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकाप्रमाणे साडेचार मीटरवरच्या स्लॅबचे टेकू साध्या ओपीसीलासुद्धा १४ दिवस ठेवायचे. तुमचा हॉल दहाव्या दिवशी ५३ ग्रेडनेही सुटत नाही.

कार्बनचा मोठा वाटा क्लिंकरचा, म्हणजे दळून सिमेंट होतं त्या भाजलेल्या खड्यांचा, त्यातही निम्म्याहून जास्त चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतो. म्हणून क्लिंकर कमी करा. ऑर्डरमध्ये लिहा: एम २५, ओपीसी अधिक फ्लाय अ‍ॅश, राख एकूण बाइंडरच्या (सिमेंट अधिक राख) ३५ टक्क्यांपर्यंत, मिक्स डिझाइन आणि क्यूबच्या ताकदीचे रिपोर्ट हवेत. सिमेंटचे किलो वाढवून मागू नका. पाया असता तर ५६ दिवसांची ताकद धरा म्हटलं असतं, स्लॅबला २८च ठेवा. डिझायनरची सही मात्र घ्या.

मिक्सरमामा
म्हणजे ठेकेदारही खोटं बोलत नाही. प्लांटवर ५३ ग्रेड ओपीसीतच राख मिसळतात. पीपीसीत आधीच १५ ते ३५ टक्के राख असते, तिच्यावर आणखी टाकू देऊ नका.

स्लॅगप्रेमी
पीएससी, म्हणजे लोखंडाच्या भट्टीतल्या मळीचं (स्लॅग) सिमेंट, घ्या की! स्लॅग ७० टक्क्यांपर्यंत चालतो.

मिक्सरमामा
भिया, स्लॅग भिलाईकडून आणणार का? राख खंडव्याच्या सिंगाजी वीजकेंद्रात आहे. शिवाय सेंट्रिंगची रड तीच.

माळव्याची_मुलगी
छतावर पांढरा रंग मारा, उन्हाळ्यात फार फरक पडतो.

निवृत्त_जेई
ताई, अजून स्लॅबच पडला नाहीये.
सुदामानगरकर, एक बघा. मिक्सर आला की मजूर पाइप घेऊन ड्रमकडे धावतो, घट्ट वाटतंय म्हणून पाणी सोडतो. तिथेच सगळं वाया. स्लम्प, म्हणजे काँक्रीट किती पातळ हवं ते, प्लांटवरच सांगा, पातळपणा रसायनाने आणू दे. आणि राखेच्या काँक्रीटला किमान १० दिवस पाणी. इंदूरला नर्मदेचा नळ एक दिवसाआड येतो, तर स्लॅबवर आळी बांधून पाणी भरून ठेवा.

सुदामानगरकर
ठेकेदाराशी बोललो. हॉलचे टेकू १४ दिवस ठेवतो म्हणतो, पण जादा दिवसांचं भाडं माझ्याकडून. किती द्यावं?

पोहेवाला
नगावर की फुटावर?