रानहळदीची पानं पिवळी पडताहेत, पाणी वाढवू की थांबवू?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. मे संपताना एका मैत्रिणीने तिच्या बागेतल्या रानहळदीचे गड्डे दिले. पसरट कुंडीत लावले, पाऊस सुरू झाल्यावर कोंब आले आणि बघता बघता कुंडी पानांनी भरली. फूल मात्र एकही नाही. आता ऑक्टोबर सरतोय आणि पानं कडेकडेने पिवळी पडून माना टाकायला लागली आहेत. शेजारच्या जास्वंदीला आणि कर्दळीला काही झालेलं नाही, माती तीच, पाणीही तेवढंच. रोग आहे का? खत घालू का? आणि पुढच्या पावसाळ्यात फूल यावं म्हणून काय करू? सह्याद्रीच्या उतारावर ही फुललेली पाहिली तेव्हापासून जीव अडकलाय हिच्यात. पुढच्या वर्षी तिथूनच आणखी थोडे गड्डे आणावेत असंही मनात आहे.

गच्चीमाळी

पानं कडेने पिवळी पडतात म्हणजे मॅग्नेशियम कमी पडत असणार. एप्सम सॉल्ट पाण्यात विरघळवून फवारा, सोबत शेणखताचं पाणी द्या. माती अजिबात सुकू देऊ नका.

मृद्गंध

गच्चीमाळी दादा, कर्दळीला हा सल्ला चालेल, हिला नको. ताई, तुमची रानहळद आजारी नाही, झोपायला निघाली आहे. शेतातल्या हळदीचा पाला वाळला की शेतकरी काढणीला लागतो, ते तुम्हाला माहीतच असेल. हीसुद्धा हळदीच्याच कुळातली, कुर्कुमा स्यूडोमोंटाना. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पानांनी जे काही कमावलं ते आता गड्ड्यात आणि मुळांच्या टोकाशी धरलेल्या बदामाएवढ्या गाठींत उतरतंय. म्हणून हिरवी पानं कापू नका. पूर्ण वाळून आपसूक सुटेपर्यंत राहू द्या. पुढच्या वर्षीचं फूल याच पंधरा-वीस दिवसांवर उभं असतं.

पाणी आजपासून कमी करा आणि पाला वाळला की बंद. खत नाही, फवारणी नाही. ओल्या मातीत निजलेला गड्डा हिवाळ्यात कुजतो. माझ्या पाहण्यात बागांमधली रानहळद जाते ती बहुतेक याच कारणाने, कुंडी रिकामी दिसते म्हणून कुणीतरी मायेने पाणी घालत राहतं. कुंडीवर खडूने नाव लिहून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कुंडी मात्र उन्हात तापू देऊ नका. भिंतीच्या सावलीत सरकवा आणि वर वाळक्या पानांचा जाड थर घाला, नाहीतर एप्रिल-मेमध्ये छोटे गड्डे आतल्या आत सुकतात.

खरंच रोग आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे. बोटाने माती उकरून गड्डा दाबून बघा. टणक लागला तर निर्धास्त रहा. मऊ लागला, वास आला, कोंब हलक्या हाताने ओढताच बुडातून सुटून आला तर ती कंदकूज. मग सगळं बाहेर काढायचं, कुजका भाग कापून टाकायचा, उरलेलं सावलीत वाळवायचं आणि कोरड्या वाळूत ठेवून द्यायचं.

फुलाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी न येणं अगदी साहजिक आहे. तोडून लावलेला गड्डा आधी स्वतःचं बस्तान बसवतो. पण पानं एवढी माजली आणि तुरा नाही, तर मला दोन शंका येतात: सावली फार दाट आहे, किंवा मातीत नत्र जास्त आहे. रानात ही उघड्या उतारांवर आणि जंगलाच्या कडेला असते, गर्द अंधारात नाही. सकाळचं दोन-तीन तास ऊन आणि दुपारी झाडाची गाळीव सावली, एवढं तिला पुरतं. कुंडीत मी निम्मी बागेची माती, बाकी पानांचं खत आणि भरड वाळू असं घेते. गड्डा दोन-तीन बोटं खोल, डोळा वरच्या बाजूला. पाणी वळवाच्या पहिल्या सरीनंतर, त्याआधी नाही. जमिनीत लावायची सोय असेल तर पानगळीच्या झाडाखाली लावा. आणि शेजारी उन्हाळी पाणी मागणारं काहीही लावू नका. तुमची कर्दळ शेजारी आहे म्हणालात, ती हलवा.

तुरा आला की एक गोष्ट निवांत बघा. लांबून जो गुलाबी-जांभळा शेंडा दिसतो तो फुलांचा नसतो, ती रंगीत छदं असतात, म्हणजे तुऱ्यावरची पाकळ्यांसारखी दिसणारी पानं. खरी फुलं खालच्या हिरव्या छदांमधून डोकावतात, पिवळीधम्मक आणि अल्पायुषी. रोज नवी येतात. ती संपली तरी गुलाबी शेंडा पुढे बरेच दिवस टिकतो. पावसाच्या सुरुवातीचा तुरा पानांच्या बाजूने थेट जमिनीतून उगवतो, नंतरचे पानांच्या मधून. म्हणून जूनमध्ये कुंडी खुरपू नका.

आता गड्डे आणण्याबद्दल, आणि हे मी मनापासून सांगते आहे. डोंगरावरून एकही गड्डा आणू नका. राखीव जंगलातून असं काही काढणं भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी नको. फुललेलं झाड उपटलं तर त्या वर्षीचं बी जातं आणि पुढची सगळी वर्षंही जातात. गुरं, रस्ते आणि वणवे यांतून वाचलेले उतार आपल्यासारख्या आवड असलेल्या माणसांनीच मोकळे करावेत हे मला बघवत नाही. तुमच्या कुंडीतले गड्डे दोन-तीन वर्षांत दाटी करतील. तेव्हा मे महिन्यात सोडवा, प्रत्येक तुकड्याला एक तरी डोळा ठेवा, आणि तुम्हाला मैत्रिणीने दिले तसे पुढे कुणाला तरी द्या.

गच्चीमाळी

पटलं, मृद्गंध ताई. एक शंका. रानहळद म्हणून लोक काहीही देतात. फुलाशिवाय ओळखायची कशी?

मृद्गंध

नुसत्या पानांवरून खात्री देता येत नाही. पण पानाच्या मधल्या शिरेजवळ जांभळा पट्टा असेल तर ती ही नव्हे, कचोरा किंवा काळी हळद असू शकते. हिचं पान पूर्ण हिरवं आणि शिरांनी उठावदार चुण्या पडलेलं असतं. आणि छदांमधून आलेली फुलं पिवळ्याऐवजी गुलाबी-जांभळी निघाली तर ती कुर्कुमा इनोडोरा. तीही आपल्याच डोंगरांतली आहे, तिला टाकून देऊ नका, सांभाळायची रीत तीच.

अंगणवेल

खूप आभार, ताई. गड्डा दाबून पाहिला, टणक आहे. जांभळा पट्टा नाही. कर्दळ आजच हलवली. डोंगरावरून काही आणणार नाही, हा विषय संपला. शेवटचं एक विचारते, ऑगस्टमध्ये काही पानं गुंडाळून पुंगळी झाली होती आणि आत हिरवी अळी होती. पुढच्या वर्षी औषध मारू का?

मृद्गंध

नका मारू. आले-हळदीच्या कुळावर ग्रास डीमन नावाचं फुलपाखरू अंडी घालतं, बहुतेक त्याचीच अळी. चार पानं खाईल, झाडाला सोसतं. काळजी करायची ती खोडाला भोक आणि भोकातून भुसा दिसला तर. ती खोडकिडा, मधला कोंब वाळवते. तेवढा एकच कोंब बुडाशी कापून अळीसकट नष्ट करा, बाकीची कुंडी तशीच राहू द्या.