कारवानी कुत्रीची नसबंदी आणि वरचे नख : दोन्ही एकदमच करावे का?

प्रश्न (औसा): आमची कारवानी (उंच, सडपातळ शिकारी जातीची) कुत्री नऊ महिन्यांची असून अद्याप माजावर आलेली नाही. परवा शेतात धावताना तिच्या पुढच्या पायाचे वरचे, जमिनीला न टेकणारे नख तुरीच्या खुंटात अडकून रक्त आले. नसबंदीच्या भुलीतच ते नखही काढून टाकावे, असे घरच्यांचे मत आहे. आपला सल्ला हवा.

उत्तर (परभणी): नख नुसत्या कातडीला लोंबत असेल, तरच काढावे. पुढच्या पायाचे हे नख बहुधा हाडाला जोडलेले असते आणि वेगात वळताना कुत्रे त्याचाच आधार घेते, त्यामुळे ते काढणे म्हणजे बोट छाटणेच होय. मात्र ते झिजत नसल्याने गोल वाढून मांसात रुतते. दर तीन-चार आठवड्यांनी टोक कापत जावे.

उत्तर (नांदेड): नसबंदी टाळू नये. आमच्या कुत्रीच्या गर्भाशयात आठव्या वर्षी पू झाला आणि मध्यरात्री तिला जीपमध्ये घालून न्यावे लागले. उंच जातींत हाडांची वाढ पूर्ण व्हावी म्हणून काही डॉक्टर वर्षभर थांबायला सांगतात. अशा सडपातळ शिकारी कुत्र्यांची थायोपेंटोन या भुलीच्या औषधाची भूल फार उशिरा उतरते, हे डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे.

प्रश्नकर्ता: नख राहू देतो. नसबंदीचे वय उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून ठरवतो.