बास्केटबॉलमध्ये नुसती वाळू नको
घरच्या घरी मेडिसिन बॉल (व्यायामासाठीचा जड चेंडू) करायला जुना बास्केटबॉल वाळूने भरा, असा सल्ला काही जण देतात. बॉल जमिनीवर आपटायचा असेल तर ठीक, पण जोडीदाराकडे फेकायला मला तो अजिबात पटत नाही. मोठ्या बास्केटबॉलमध्ये साधारण 7 लिटर जागा असते आणि कोरडी वाळू लिटरला दीड किलोच्या वर भरते. म्हणजे बॉल 10-11 किलोचा! कराटे-किकबॉक्सिंगच्या पोरांना झटक्याने फेकायला 3-4 किलो भरपूर. बरं, वाळू कमी घातली तर ती आत सरकते, वजन एका बाजूला जातं आणि झेलताना मनगट मुरगळतं.

आम्ही परभणीकडची माणसं, सरकी (कापसाचं बी) कुठेही मिळते. उन्हात कडक वाळवलेली सरकी ठासून भरायची आणि वजन कमी पडेल तेवढीच वाळू जाड कापडी पिशवीत शिवून मधोमध बसवायची. सरकी हलकी, वर तंतू असल्यामुळे एकमेकींत अडकते, त्यामुळे काही हलत नाही. भरण्यासाठी बॉलला पाडलेली चीर मेणाच्या दोऱ्याने शिवून वर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ सोल्युशनने चिकटवा. पावसाळ्यात मात्र बॉल फरशीवर ठेवू नका, ओल लागली की सरकी कुजते.