ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवरची रंगीत काच घरी करता येते का?

प्रश्न (निपाणी): गणपतीच्या देखाव्यात २० इंची जुना टीव्ही चालू ठेवायचाय. पूर्वी चित्र रंगीत भासावं म्हणून पडद्यापुढे लावायचे तशी तिरंगी काच कशी करावी? चेहरे निळे दिसू नयेत. की फिरतं रंगीत चाक लावू?

उत्तर (खानापूर): २ मिमीचं पारदर्शक ॲक्रिलिक पडद्याच्या मापाचं कापा. मागून जिलेटीन पेपर लावा: वर निळा, मधे फिका नारिंगी, खाली हिरवा. पट्ट्या कडेला कड भिडवून लावा, एकमेकींवर चढल्या की काळी रेघ दिसते. चिकटपट्टी फक्त कडेनं. मधे गोंद लावला तर बुडबुडे धरतात. पडद्यापासून बोटभर अंतर ठेवा, स्थिर विजेनं धूळ खेचली जाते. उजेड कमी होतो, ब्राइटनेस थोडा वाढवा.

उत्तर (बेळगाव): चेहऱ्याचं मात्र टळणार नाही, दादा. चित्रात काय आहे ते काचेला कळत नाही. क्लोजअप आला की कपाळ निळं, हनुवटी हिरवी. शेत-आभाळाची दृश्यंच लावा.

चाकाचा उपयोग नाही. १९५० साली अमेरिकेत मंजूर झालेल्या सीबीएस या कंपनीच्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीत सहा फिल्टरचं चाक मिनिटाला १४४० फेरे घ्यायचं, पण तिथं प्रक्षेपणच लाल, निळं, हिरवं असं आळीपाळीनं, सेकंदाला १४४ वेळा यायचं. तसा सिग्नल नसेल तर नुसतं लुकलुकेल.

प्रश्नकर्ता: मग काचच करतो. नारिंगी पट्टी जरा रुंद ठेवली तर?

उत्तर (खानापूर): ठेवा, निम्म्या उंचीपर्यंत. चेहरे बरेच सुधारतात.