आजोबांची पुस्तकं गावातच जपायची आहेत, सल्ला हवा

काळीमाती
नमस्कार मंडळी. मी राळेगाव तालुक्यातला, यवतमाळ जिल्हा. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. मागच्या पोळ्यानंतर आजोबा गेले. त्यांची पत्र्याची पेटी उघडली तर काठोकाठ पुस्तकं, आणि माळ्यावर आणखी दोन पोती. सगळी मिळून तीनशेच्या आसपास असतील. कादंबऱ्या, संतवाङ्मय, शेतीची पुस्तकं, जुने दिवाळी अंक, आणि लाल फडक्यात बांधलेल्या चार-पाच पोथ्या.

माळा एका कोपऱ्यात गळतो. एका पोत्याला खालून उधई लागली आहे. घरात काकांचं म्हणणं, रद्दीत देऊन टाका, जागा मोकळी होईल. माझा जीव होत नाही. आजोबा जागलीला जाताना कंदिलासोबत एक पुस्तक न्यायचे. मला वाचनाची गोडी लागली ती त्या मचाणावर.

विचारायचं ते असं: आधी काय करू? आणि यात थोडी थोडी भर घालायची इच्छा आहे. पुस्तकांचं दुकान चाळीस किलोमीटरवर, आणि तिथेही शालेय गाईडच जास्त. महिन्याला तीनशे-चारशे रुपये काढू शकतो.

जुनीबांधणी
अमरावतीहून लिहितोय. वडिलांचा बाइंडिंगचा धंदा होता, आता मी करतो.

दादा, आजच पोती माळ्यावरून खाली घ्या. पण पुस्तकं उन्हात पसरू नका. आपल्याकडचं ऊन कागदाला भाजून काढतं. जुना कागद आधीच आम्लाने पिवळा पडलेला असतो, उन्हाने तो पापडासारखा मोडायला लागतो. ओसरीवर, सावलीत, वारा लागेल असं प्रत्येक पुस्तक उभं करून पानं जरा उकलून ठेवा. मऊ ब्रशने किंवा सुती कापडाने बांधणीकडून बाहेरच्या बाजूला झटका. नाकाला रुमाल बांधा, बुरशी वाईट असते.

उधई लागलेलं पोतं घरापासून लांब उघडा. उधई जमिनीतून, भिंतीतून मातीची नळी करत वर येते. म्हणून पुस्तकं भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर कधीच ठेवायची नाहीत. लोखंडी मांडणी घ्या, भिंतीपासून वीतभर पुढे, खालचा खण जमिनीपासून फूटभर वर. कसर ही वेगळी बारीक कीड, तिला बांधणीतली खळ आवडते, म्हणून ती पुठ्ठा आणि पाठ आधी खाते. ज्या पुस्तकात जिवंत कीड दिसेल ते प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच बंद राहू द्या, नाहीतर पानांवर पाणी सुटतं. कडुनिंबाचा सुकवलेला पाला आणि वेखंडाची पुरचुंडी खणात ठेवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तीही करा, पण तेवढ्यावर भागत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक पुस्तकाला हात लागला पाहिजे.

एक कळकळीची विनंती. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका. दहा वर्षांनी पट्टी निघून जाते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. मैद्याची पातळ खळ करा, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे किडे धरत नाहीत, आणि पातळ कागदाची पट्टी लावून वजनाखाली रात्रभर ठेवा. मोरचूद विषारी आहे, भांडं वेगळं ठेवा, पोरांच्या हाताला लागू देऊ नका. आणि बांधायला कोणाकडेही दिलीत तरी आधी बजावा: सुरुवातीची आणि शेवटची कोरी पानं फेकायची नाहीत, कडा कापायच्या नाहीत. लोक त्या कोऱ्या पानांवरच लिहितात, आणि घाईतला बाइंडर तीच पहिली काढून टाकतो.

मचानवाला
भाऊ, रद्दीत देऊ नोको. आमच्या घरी माह्या बापानं एक पोतं देल्लं होतं, अजूनही आठोलं की पोटात कालवते. काकाले म्हण, एक खोली नाही तर एक कोपरा दे. एकडाव गेलेलं पुस्तक गावात पुन्हा येत नाही, काहून का इकडे कोणी आणूनच देत नाही.

सेलूकर
ती लाल फडक्यातली पोथी आधी पाहा. आडव्या सुट्या पानांची, दोन्ही बाजूंनी लाकडी फळ्या, अशी असेल तर ती हस्तलिखित आहे की शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेली, हे ओळखायला शिका. शिळाछापातही अक्षर हातानेच लिहिलेलं दिसतं, पण शाई सगळीकडे सारखी असते आणि शेवटी छापखान्याचं नाव येतं. हाताने लिहिलेल्यात बोरूची शाई ओळीच्या शेवटी फिकी होते, पुन्हा बुडवली की गडद. वर्ष बहुधा शके देतात, त्यात 78 मिळवा. शके 1790 म्हणजे 1868.

अक्षरच लागत नसेल, चिन्हं भलतीच वाटत असतील, तर कदाचित महानुभाव पंथाची सकळ लिपी असेल. ती गुप्त लिपी आहे. आपल्या विदर्भात हे घडू शकतं. लीळाचरित्र ऋद्धपुरात लिहिलं गेलं, तेराव्या शतकात, आणि महानुभावांच्या पोथ्या गावोगाव घरांतून शतकानुशतकं सांभाळल्या गेल्या. आता ऋद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही झालं आहे. शंका असेल तर पोथी जशी आहे तशी बांधून, जाणकार माणसाला प्रत्यक्ष दाखवा. दारावर येऊन 'जुन्या पोथ्या घेतो' म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नका.

नदीपल्याड
भर घालण्याबद्दल माझा अनुभव सांगते. मी वर्धा जिल्ह्यातली.

सेवाग्राम आणि पवनार तुम्हाला एका दिवसात होतात. पवनारला विनोबांची पुस्तकं अजूनही इतक्या माफक किमतीत मिळतात की शंभर रुपयांत पिशवी जड होते. मोझरीला गुरुकुंजात ग्रामगीता घ्या, घरात असली तरी एक मांडणीवर वाचायला वेगळी ठेवा. नागपूरला गेलात तर बर्डीवर (सीताबर्डी) जुन्या पुस्तकांवाल्यांकडे दुपार काढा, आणि सिव्हिल लाइन्सच्या शासकीय ग्रंथागारात जा. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड सरकार 1979 पासून काढतंय, तिथे उपलब्ध असतील तेव्हा घेऊन टाकायचे. ते खंड तिथे फार दिवस शिल्लक राहत नाहीत.

पण मला विचाराल तर वर्षातून एकदा दीक्षाभूमीला जा. अशोक विजयादशमीला. 1956 साली जिथे धम्मदीक्षा झाली तिथे दरवर्षी पुस्तकांच्या स्टॉलची रांगच्या रांग लागते. खेड्यापाड्यातून रेल्वेने, ट्रॅक्टरने आलेली माणसं भाकरीचं गाठोडं एका हातात आणि पुस्तकांची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन परत जातात. मी एका म्हाताऱ्या बाईंना पदराच्या गाठीतून नोटा सोडून नातवासाठी तीन पुस्तकं घेताना पाहिलं आहे. त्यांनी प्रत्येक पुस्तक आधी कपाळाला लावलं, मग पिशवीत ठेवलं. पुस्तक घेणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं.

घरबसल्या मागवायचं तर टपाल खात्याची ज्ञान पोस्ट आहे, मे 2025 पासून. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, 5 किलोपर्यंत 100, वर कर. वेळ लागतो, पण चार मित्रांनी मिळून एक गठ्ठा मागवला तर फार स्वस्त पडतं.

पाटीपेन्सिल
मी चंद्रपूर जिल्ह्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे. माझं म्हणणं जरा वेगळं. मांडणी झाली की एक वही करा. नाव, पुस्तक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. गावातल्या पोरांना पुस्तकं द्या. आधी काही हरवतील, त्याची मनाची तयारी ठेवा. माझ्या वहीत तीन वर्षांत अकरा पुस्तकं परत आली नाहीत. पण एक मुलगी नववीत गेल्यावर स्वतःहून घरी आली आणि पाचवीत नेलेलं पुस्तक देऊन गेली. वर्तमानपत्राचं कव्हर घालून.

पोथ्या आणि दुर्मीळ प्रती मात्र बाहेर देऊ नका. मुलांसाठी बालभारतीच्या 'किशोर'चे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, 1971 पासूनचे. फोनवर दाखवता येतात. तरी हातात छापील अंक आला की मुलं तो उशाशी घेऊन झोपतात, हे मी पाहिलं आहे.

सेलूकर
पाटीपेन्सिल यांच्याशी सहमत, फक्त द्यायच्या आधी पूर्ण यादी करा. लेखक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, अवस्था. यादी नसली तर काय गेलं हेही कळत नाही.

काळीमाती
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार लागले. उधईने बावीस पुस्तकं खाल्ली, त्यातली सात मुळीच वाचवता आली नाहीत. पोथ्या शिळाछाप निघाल्या, एकीवर शके 1802 आहे. काकांनी स्वतःच बैलाच्या कोठ्यातली जुनी लोखंडी मांडणी घासून आणून दिली.

जुनीबांधणी, तुम्ही कोऱ्या पानांचं सांगितलं म्हणून प्रत्येक पुस्तक मागून उघडलं. आजोबांनी जवळजवळ सगळ्यांवर लिहिलं आहे. कुठला बाजार, किती बंड्या (बैलगाड्या) कापूस दिला, पुस्तकाचे किती पैसे. एकावर असं: 'हिंगणघाट, पौष 1961. एक बंडी कापूस. पुस्तक रु. 3. हिचं लुगडं पुढच्या खेपेला.' मी आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुढच्या खेपेलाही पुस्तकच आणलं होतं, लुगडं अक्षय तृतीयेला आलं, हिरवं, आणि ते पुस्तक तिने स्वतः दोनदा वाचलं.

आता अडचण ही की नेमकं तेच शेवटचं पान सुटलं आहे आणि कडेला चुरा होतोय. ते बांधणीत घेता येईल का?

जुनीबांधणी
येईल. पान पातळ कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा, घडी घालू नका, पुस्तकाच्या आत दाबून आणा. दोन्ही बाजूंनी पातळ टिश्यू लावून त्याला नवी पट्टी जोडतो आणि जागेवरच शिवतो. कापूस वेचणीची घाई संपली की या, दिवसभर बसावं लागेल. आजींना विचारून त्यांचंही नाव यादीत लिहा.