कुत्र्याच्या स्वेटरचे टाके कुठे वाढवायचे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. बाळांची टोपरी, मोजे, मफलर डोळे मिटून विणते, पण आमच्या भुऱ्यासमोर हात टेकलेत. गावठी कुत्रा, छाती भरदार आणि कंबर जेमतेम. नाशिकची थंडी यायच्या आत स्वेटर व्हायला हवा.

मान ४० सेंमी, छाती ५६. नऊ नंबरच्या सुयांवर १० सेंमीत २४ टाके बसतात. म्हणून गळ्याला ९६ टाके घालून दोन सुलट-दोन उलट विणलंय. छातीला थोडी सैल जागा धरून १४४ लागतील. हे ४८ टाके सगळीकडे सारखे वाढवू, की छातीच्या बाजूला जास्त? पुढच्या पायांची भोकं सोडताना मधली पट्टी किती रुंद ठेवता? पोटाकडची बाजू आखूड ठेवणार आहे, नर असल्याने नाहीतर लघवीने ओली होते.

लोकर अ‍ॅक्रिलिकच घेतली आहे. खरी लोकर गरम पाण्यात आटते आणि हा पठ्ठ्या चिखलात लोळतो!

अजून एक. रविवारी नानकटाई भाजते तेव्हा हा ओव्हनसमोरून हलत नाही. त्याच्यासाठी नाचणी आणि शेंगदाण्याच्या कुटाची बिनसाखरेची बिस्किटं करते. चॉकलेट, मनुका आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) कुत्र्यांना विषारी, ते घरातही वर ठेवते. पण बिस्किटं दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. मंद आचेवर दुसऱ्यांदा भाजू का? कुणी केली असतील तर सांगा, पण आधी टाक्यांचं, सुया अडकून पडल्यात.