समुपदेशनाचं रेकॉर्डिंग : ‘पेशंटची हरकत नसते’ म्हणजे काय?

सातपुडा_वारा : जळगावच्या एका समुपदेशकांनी काल लिहिलं की, ते प्रत्येक सेशन मोबाइलवर रेकॉर्ड करतात, नोंदी एआय काढतं आणि ‘पेशंटची हरकत नसतेच’. वाचून संताप आला. समोर रडत बसलेली बाई हरकत घेईल कशी? ते रेकॉर्डिंग कुठल्या सर्व्हरवर जातं, हे तिला सांगितलं का? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातला कलम २३ चा गोपनीयतेचा हक्क डिजिटल माहितीलाही लागू आहे. फिनलंडमध्ये वास्तामो या मानसोपचार कंपनीच्या पेशंटच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये चोरांनी थेट पेशंटकडेच पैसे मागितले.

धडगावचा_मास्तर : फिनलंड राहू द्या. आमच्याकडून नंदुरबार गाठायचं तर दिवस मोडतो. टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर होता म्हणून एका पोराने रात्री फोन तरी केला. आज तो कॉलेजात आहे.

सातपुडा_वारा : मास्तर, फोनला मी नावं ठेवलीच नाहीत. रेकॉर्डिंगबद्दल बोलतोय.

अमळनेरकरीण : फोनचंही बोला. माझी मावसबहीण ओसरीवर बसून व्हिडिओवर समुपदेशक मॅडमशी बोलायची, दाराआड सासू लसूण सोलत ऐकायची. पोरगी सगळा वेळ ‘हो, बरंय’ म्हणत राहिली. जवळ कोण आहे, एवढंही त्या मॅडमनी विचारलं नाही. आणि एआयच्या नोंदी? आई अहिराणीत झोप लागत नाही म्हणाली, नोंदीत शेजारणीशी भांडण आलं! खान्देशची भाषा येत नसेल तर इथे दवाखाना थाटू नये.

रावेरकर : काय भो, खान्देशची भाषा म्हणजे अहिराणीच का? रावेर-यावल कुठे गेलं? आमची लेवा बोली दरवेळी गिळून टाकता.

अमळनेरकरीण : गिळलं कुणी? आईचा अनुभव सांगितला. तुमचा असेल तर तुम्ही सांगा.

रावेरकर : सांगतो ना. आमच्या आजोबांना डॉक्टर बोलण्यावरून हसले. परत गेलेच नाहीत ते.

धडगावचा_मास्तर : आणि पावरी? भिली? तुमच्या भांडणात आमची पोरं कुठेच नाहीत. त्या पोरासाठी पुढे मीच शेजारी बसून दुभाषा झालो.

सातपुडा_वारा : म्हणजे त्याच्या मनातलं सगळं शाळेच्या मास्तरांना कळलं. त्याला चालेल का, विचारलंत?

धडगावचा_मास्तर : तोंड सांभाळून बोला. पोरगं जिवावर उदार झालं होतं, तेव्हा संमतीपत्र शोधत बसू? रेकॉर्डिंगआधी विचारावं, ‘नको’ म्हटलं तरी उपचार थांबू नयेत, एवढं मान्य. पुढे एक अक्षर नाही.

अमळनेरकरीण : आणि ते पुसतात कधी? आईचं रेकॉर्डिंग अजून ठेवलंय का, विचारलं तर उत्तर आलं, ‘सिस्टीममध्ये असतं’. जळगावच्या त्या समुपदेशकांनी इथे येऊन तारीख सांगावी.